नव्या वेब-अ‍ॅपची पायाभरणी

शहरांतील बहुतेक घरांत दूधवाल्याचा हिशेब हा महिनाअखेरचा ठरलेला विषय असतो. भिंतीवरील कॅलेंडरावर खाडे टिपलेले असतात, मध्येंच कधीं पाहुण्यांसाठीं अर्धा लिटर अधिक घेतलेलें असतें, आणि शेवटची बेरीज मात्र दोघांची दोन प्रकारची येते. हा हिशेब ठेवणारें एक छोटें वेब-अ‍ॅप घरांतील मुलानें किंवा मुलीनें तयार करावयाचें ठरविलें, तर त्याचा आरंभ कोठून करावा? काम सोपें दिसतें. परंतु तें अ‍ॅप वर्षानुवर्षें चालेल कीं दोन महिन्यांत उघडेनासें होईल, हें बहुतांशीं पहिल्या दिवशीं घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असतें.

वेब-अ‍ॅपचा जो भाग पाहणाराच्या ब्राउझरमध्यें चालतो, त्यास फ्रंट-एंड असें म्हणतात. तो तीन भाषांत लिहिला जातो. येथें तारीख आहे, येथें लिटर आहेत, येथें बेरीज आहे, असें सांगण्याचें काम एचटीएमएलचें. खाडा तांबड्या अक्षरांत दाखवावा, हें सीएसएस सांगते. बटण दाबतांच दर व लिटर यांचा गुणाकार करणें हें जावास्क्रिप्टकडे असतें. पहिली भाषा टिम बर्नर्स-ली यांनीं युरोपांतील सर्न या संशोधनसंस्थेंत असतांना घडविली. दुसरीची कल्पना होकोन व्हिउम ली यांनीं १९९४ सालीं मांडली. तिसरीचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत तयार केला. या तीन भाषांपलीकडे ब्राउझरला दुसऱ्या कशाचीही सक्तीची आवश्यकता नाहीं, ही गोष्ट नवशिक्यानें कधींही विसरूं नये.

पहिलें पाऊल संगणकावर नव्हे, कागदावर टाकावें. तारीख, लिटर आणि दर एवढ्याच नोंदी लागतात काय, हें आधीं ठरवावें. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवतां पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी. कारण जावास्क्रिप्टमध्यें ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाहीं, ०.३०००००००००००००००४ अशी येते. नंतर एका रिकाम्या फोल्डरमध्यें तीन भाषांच्या तीन फाइली कराव्या. एचटीएमएलच्या आरंभींच अक्षरांची संकेतपद्धति 'यूटीएफ-८' व पानाची भाषा मराठी असल्याचें नमूद करावें. संकेतपद्धति लिहावयाची राहिली, तर देवनागरी मजकुराच्या जागीं चमत्कारिक चिन्हें दिसण्याचा संभव असतो.

येथपर्यंत कोणत्याही साधनावांचून भागतें. अडचण येते ती जावास्क्रिप्टची फाइल वाढून तिचे भाग पाडावे लागतात तेव्हां. या भागांना मॉड्यूल म्हणतात, आणि २०१५ सालापासून ते भाषेच्या मानकांतच आहेत. परंतु फाइलीवर दोनदां टिचकी मारून पान उघडलें, तर सुरक्षिततेच्या नियमामुळें ब्राउझर हीं मॉड्यूलें घेत नाहीं. तीं सर्व्हरकडूनच यावीं लागतात. यास्तव स्वतःच्याच संगणकावर एक लहानसा सर्व्हर चालविणें प्राप्त होतें.

हें काम करणाऱ्या साधनांपैकीं इव्हान यू यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेलें 'वीट' हें एक सर्वपरिचित साधन होय. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'त्वरित' असा आहे. मराठी कानाला मात्र पायाभरणीच्या वेळीं हें नांव भलतेंच शोभून दिसतें. तें चालविण्यासाठीं आधीं नोड बसवावें लागतें. रायन डाल यांनीं २००९ सालीं निर्माण केलेल्या या साधनानें जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेरही चालूं लागली. त्याच्यासमवेत एनपीएम येतें. लोकांनीं लिहिलेलीं तयार पॅकेजें आणून देणारा हा जणूं भांडारी होय. 'एनपीएम क्रिएट वीट' अशी आज्ञा देतांच कोणता आराखडा हवा, असा प्रश्न येतो. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू इत्यादि नांवें समोर दिसतात. पण दुधाच्या हिशेबाला 'व्हॅनिला', म्हणजे साधा आराखडा, पुरेसा आहे. एकच माहिती पानावर अनेक ठिकाणीं वारंवार बदलावी लागूं लागली, म्हणजे रिअ‍ॅक्टसारख्या साधनाचा विचार करावा. पुढें 'एनपीएम इन्स्टॉल' व 'एनपीएम रन डेव्ह' या दोन आज्ञा दिल्या कीं पान दिसूं लागतें, आणि फाइलींत केलेला बदल जतन होतांच पडद्यावर उमटतो.

या क्षणीं 'नोड मॉड्यूल्स' नांवाचें फोल्डर उघडून पाहावें. स्वतःच्या चार ओळी लिहिण्यापूर्वींच तेथें अपरिचितांनीं लिहिलेल्या हजारों ओळी येऊन बसलेल्या असतात. कारण एका पॅकेजला दुसरें लागतें आणि दुसऱ्याला तिसरें. या परावलंबनाचा प्रत्यय २२ मार्च २०१६ रोजीं आला. 'लेफ्ट-पॅड' या अवघ्या ११ ओळींच्या पॅकेजचें काम ५ हा अंक ०५ असा लिहिण्यासारखें, म्हणजे डावीकडे भर घालण्याचें होतें. एका नांवावरून उद्भवलेल्या वादांत त्याच्या कर्त्यानें आपलीं पॅकेजें एनपीएमवरून काढून घेतलीं, आणि जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. शेवटीं एनपीएमला तें पॅकेज पुन्हां ठेवावें लागलें. २०१७ च्या भाषामानकांत तेंच काम करणारी सोय जावास्क्रिप्टमध्येंच आली. जें काम आपल्याला पांच ओळींत साधतें, त्यासाठीं परक्याचें पॅकेज आणूं नये, हा त्याचा बोध.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें एका फसव्या ई-पत्राच्या द्वारें एका लेखकाचें खातें बळकावून 'चॉक', 'डिबग' आदि पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध करण्यांत आल्या. आठवड्यास कोट्यवधि वेळां उतरविलीं जाणारीं हीं पॅकेजें; कांहीं तासांतच त्या आवृत्त्या मागें घेतल्या गेल्या, तरी मधल्या काळांत नवी आवृत्ति आपोआप घेणारा प्रकल्प सुरक्षित नव्हता. यावरचा उपाय आरंभापासूनच हाताशीं असतो. 'पॅकेज.जेसन' या फाइलींत ^१.४.२ असें लिहिलेलें असल्यास २.०.० च्या अलीकडील कोणतीही नवी आवृत्ति चालेल, असा अर्थ होतो. याउलट 'पॅकेज-लॉक.जेसन' ही फाइल नेमकी कोणती आवृत्ति आली व तिची ओळखमुद्रा काय, हें नोंदवून ठेवते. 'एनपीएम सीआय' ही आज्ञा त्या नोंदीबरहुकूमच पॅकेजें आणते, आणि मुद्रा न जुळल्यास काम थांबविते. ही फाइल अनावश्यक समजून पुसून टाकणें म्हणजे घराचें कुलूपच काढून ठेवणें होय.

पहिल्याच दिवशीं गिटचीही स्थापना करावी. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिहिलेलें हें साधन प्रत्येक टप्प्याची नोंद राखतें, त्यामुळें बिघडलेलें काम पूर्वस्थितीस नेतां येतें. त्यांत स्वतःच्या फाइली व लॉक-फाइल ठेवावी. 'नोड मॉड्यूल्स' ठेवूं नये. गुप्त किल्ल्या तर गिटमध्यें नकोत आणि फ्रंट-एंडमध्येंही नकोत. कारण फ्रंट-एंडची प्रत्येक ओळ पाहणाराच्या यंत्रावर जाते व ती कोणासही वाचतां येते. तसेंच दुधाच्या नोंदी ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज'मध्यें ठेवल्या, तर त्या त्याच यंत्रावर राहतात, दुसऱ्या फोनवर दिसत नाहींत, आणि ब्राउझरमधील माहिती पुसतांच नाहींशा होतात. घरांतील मंडळींना हें आधींच सांगून नोंदींची प्रत उतरवून घेण्याची सोय करावी.

'एनपीएम रन बिल्ड' ही आज्ञा दिली कीं 'डिस्ट' या फोल्डरमध्यें प्रकाशनास योग्य अशा आटोपशीर फाइली तयार होतात, आणि तेवढ्याच इंटरनेटवर चढवावयाच्या असतात. परंतु तत्पूर्वीं एक कसोटी लावून पाहावी. गिटमधील प्रत दुसऱ्या, नोड बसविलेल्या संगणकावर न्यावी आणि तेथें 'एनपीएम सीआय' व 'एनपीएम रन बिल्ड' एवढ्या दोनच आज्ञा द्याव्या. तेवढ्यानें अ‍ॅप जसेंच्या तसें उभें राहिलें, तर पाया नीट घातला गेला असें समजावें. न राहिल्यास कोणती तरी गोष्ट लिहून ठेवलेली नसून केवळ पहिल्या संगणकावर किंवा करणाराच्या स्मरणांत राहिली आहे. ती शोधून आधीं नोंदवावी, आणि मगच दुधाचा पहिला लिटर मांडावा.