डिबेट संपल्यानंतर

6 ऑक्टोबर 1976. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिबेटमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड बोलून गेले, की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारा पत्रकार चक्रावला. त्यानं पुन्हा विचारून सावरून घ्यायची संधी दिली, तर फोर्डनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावं घेत तेच ठासून सांगितलं. खरी गंमत पुढे आहे. त्या रात्री लगेच घेतलेल्या पाहणीत सरशी फोर्ड यांचीच होती. दुसरा दिवसभर वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनं ते एकच वाक्य उगाळलं आणि संध्याकाळपर्यंत लोक म्हणू लागले, डिबेट प्रतिस्पर्धी कार्टर यांनी मारली. ऐकताना जे फारसं खटकलं नव्हतं, ते खटकायला हवं होतं हे लोकांना नंतर कळलं.

डिबेटचा परिणाम बहुधा असाच, उशिरा होतो. नव्वद मिनिटं बसून ऐकणारे बरेचसे आधीच कुणाचे तरी असतात. आपल्या पैलवानाला टाळ्या द्यायला आलेले. ज्यांचं ठरलेलं नसतं, त्यांना मुळात राजकारणातच रस कमी. त्यांच्यापर्यंत पोचतो तो दुसऱ्या दिवशीचा काही सेकंदांचा तुकडा. म्हणून तर डिबेट संपताच दोन्ही बाजूंची माणसं पत्रकारांना गाठतात आणि आमचाच कसा जिंकला ते पटवू लागतात.

बदनामीच्या जाहिरातीचंही तसंच. सप्टेंबर 1964 मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारानं एक मिनिटाची जाहिरात दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत अडखळत आकडे मोजते. मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट होतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही त्यात नाही. गरजच नव्हती, अण्वस्त्रांबद्दलची त्यांची सैल वक्तव्यं लोकांच्या कानावर होतीच. प्रचारानं पैसे मोजून ही जाहिरात एकदाच दाखवली, पुढचं काम बातम्यांनी फुकटात केलं. जॉन्सन 61 टक्के मतं घेऊन जिंकले खरे, पण ते आधीपासूनच खूप पुढे होते, हे ही जाहिरात गाजवणारे सहसा सांगत नाहीत.

नवी शंका पेरणं अवघड असतं, असलेलीला खतपाणी घालणं सोपं. 1988 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस संरक्षणाबाबत मवाळ आहेत अशी कुजबुज होती. ती मोडायला ते हेल्मेट घालून रणगाड्यात बसले. चित्र इतकं विजोड दिसलं, की प्रतिस्पर्धी बुश यांच्या लोकांनी तेच फुटेज घेऊन जाहिरात बनवली.

जाहिरातींचा परिणाम टिकतो किती? 2006 मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत राज्यशास्त्रज्ञांनी प्रचाराच्या जाहिराती कुठे, कधी लागतील हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवून पाहिलं. जाहिरात चालू असताना कल ठळकपणे सरकला. आठवड्याभरात परिणाम जवळपास विरला. म्हणून शेवटच्या दिवसांत भडिमार होतो. आपल्याकडे मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार थंडावतो, अमेरिकेत तसं बंधन नाही. मात्र आता लाखो लोक टपालानं किंवा केंद्रावर आधीच मत देऊन मोकळे होतात, त्यामुळे ‘शेवटचे दिवस’ही आठवडेच्या आठवडे लांबले आहेत.

एवढ्या क्षणिक परिणामासाठी एवढा पैसा का, याचं उत्तर निवडणुकीच्या पद्धतीत आहे. अध्यक्ष ठरतो राज्याराज्यांतल्या 538 प्रतिनिधींच्या मतांवर आणि चुरस असते मोजक्याच राज्यांत. 2016 मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तिन्हींत मिळून सुमारे 78 हजार मतांच्या फरकानं निकाल फिरला. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या माणसाला जी जाहिरात क्वचित दिसते, ती विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत सकाळ-संध्याकाळ डोकं उठवते.

कधी डिबेटचा घाव मतदारांपेक्षा पक्षावर जास्त बसतो. 27 जून 2024 ला अटलांटातल्या डिबेटमध्ये ट्रम्प यांच्यासमोर तेव्हाचे अध्यक्ष बायडन अडखळले. जनमत चाचण्यांतला कल थोडाच हलला, पण पक्षातले नेते आणि देणगीदार हादरले. 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली. पुढे सप्टेंबरची डिबेट बहुतेक पाहण्यांनुसार त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस यांनी जिंकली. नोव्हेंबरमध्ये निवडणूक ट्रम्प यांनी.