खोगिरावरची बायजाबाई

सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडावर देशोदेशीचे कॅमेरे उतरतील आणि नेहमीप्रमाणे ओलेत्या बायकांवर रोखले जातील. ही नजर जुनीच. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. जातीमागून जात येते, बायकांची लुगडी, चोळ्या, दागिने येतात. बोलणारी बाई मात्र शोधावी लागते.

म्हणून मला फॅनी पार्क्स मोलाची वाटते. १८३५ साली ही इंग्रज बाई फतेहगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली. कागलच्या घाटग्यांच्या या लेकीनं दौलतराव गेल्यावर, १८२७ पासून सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार हाकला होता. आता सत्ता गेली होती. पार्क्सला दिसले ते पिकलेले केस, साधं तांबडं रेशमी वस्त्र, हातात सोन्याची दोन साधी कडी आणि गोड हसू.

बायजाबाईंनी तिला इंग्रजी पद्धतीनं घोड्यावर बसून दाखवायला सांगितलं. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसलेली पाहुणी बघून मराठा बायका चकित झाल्या. मग पार्क्स स्वतः लुगडं नेसली, कासोटा घातला, दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि इंग्रज बायकांची बैठक बिघडवल्याबद्दल तिनं थेट पहिल्या एलिझाबेथ राणीला दोष दिला. बायकांवरच्या निर्बंधांचा विषय निघाला, तेव्हा लग्न झालेली इंग्रज स्त्री कायद्यानं नवऱ्याची गुलामच असते, हेही तिनं लिहून ठेवलं. समोर बसून बोलल्याशिवाय असं लिहिणं होत नाही.

इंग्रज कादंबरीकार मेडोज टेलर तर नळदुर्ग भागाचा कारभार पाहिलेला माणूस. तरी त्याच्या १८६३ च्या ‘तारा’ कादंबरीतली तुळजापूरची तरुण विधवा सती जाता जाता वाचवावी लागते. तिकडे रशियात लेखक व्लादिमीर दालनं १८३६ साली कझाक प्रेमिकांची कथा लिहिली, तिचाही शेवट मरणातच. राज्यकर्त्यांच्या लेखकांना बिचारी बाई आवडते, कारभारीण नाही. ‘तारा’ छापून आली त्याच वर्षी बायजाबाई वारल्या.

त्यांच्या विजनवासाचा काही काळ, १८४० च्या सुमारास, आपल्या नाशकात गेला. नाशिककरांनो, सिंहस्थासाठी गोदाकाठी माहितीचे फलक लागतील, पाहुण्यांना गाव दाखवणारे तयार होतील. त्यात बायजाबाईंचं नाव असू द्या.