माशी, चाप आणि भरवसा

पिस्तूल बाळगणारी दोन माणसं भेटली की तीन गोष्टींवर वाद होतोच: नेम धरायला सोपं कुठलं, चाप कुणाचा चांगला, आणि ऐनवेळी दगा न देणारं कोणतं. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे माझं कान टवकारणं आधी शब्दांसाठी होतं. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत 'माशी' म्हणतात, किती छान शब्द आहे! ट्रिगरला 'चाप'. 'घोडा दाबला' असंही आपण बिनधास्त म्हणतो, पण घोडा म्हणजे खरं तर मागून आपटणारा भाग, बोटाखाली असतो तो चापच.

माझी मावसबहीण गच्चीबावलीच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकते. तिच्यामुळे रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे चहाबरोबर हेच विषय निघतात. शिवाय हैदराबादला या खेळाचं अप्रूप आहेच. लंडन ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्य मिळवणारा गगन नारंग इथलाच, आणि ईशा सिंगही इथलीच. २०१८ साली तेरा वर्षांची असताना ती एअर पिस्तुलात राष्ट्रीय विजेती झाली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवलं. मराठी माणसाला मात्र २५ मीटर पिस्तूल म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबंगला तिची आणि थायलंडच्या खेळाडूची ३४-३४ अशी बरोबरी झाली, शूट-ऑफही बरोबरीत सुटला, दुसरा शूट-ऑफ झाला आणि मग सुवर्ण आलं.

आता नेमाचं बघू. स्पर्धेच्या पिस्तुलावर दुर्बीण किंवा लाल ठिपका दाखवणारं भिंग चालत नाही. मागे एक खाच, पुढे माशी, बस्स. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड एका रेषेत. नवखा माणूस लक्ष्याकडे बघतो. मुरलेला माशीकडे बघतो. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो, म्हणून लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, माशी धूसर दिसून चालत नाही. हे ऐकल्यावर मला पटेना, म्हणून कागदावर गणित मांडलं. समजा माशी आणि खाचेत २२ सेंटिमीटर अंतर आहे. तुमचा पूर्ण हात एक सेंटिमीटर बाजूला गेला, पण माशी खाचेत बरोबर मध्ये राहिली, तर २५ मीटरवर गोळी फक्त एकच सेंटिमीटर बाजूला जाते. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे अजूनही दहाच गुण. पण हात जागेवर आणि माशी खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त चुकते. दहाचे सहा! हात हलतोय म्हणून घाबरायचं नाही आणि मनगट वाकलं की मात्र घाबरायचं, असं कोच लोक का म्हणतात ते इथे कळतं.

चापाची भानगड अजून मजेदार आहे. लोकांना वाटतं चाप जितका हलका तितका चांगला. नियम तसं होऊच देत नाही. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, २५ मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. तपासणीत चापाला तेवढं वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात, वजन लटकलं पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. मग आवडनिवड कशात? काहींना दोन टप्प्यांचा चाप आवडतो, म्हणजे आधी थोडी ढिली ओढ, मग एक भिंत लागते आणि तिच्यावर जरासा जोर दिला की सुटतो. काहींना सरळ एकाच टप्प्यात सुटणारा हवा. दोन्ही बरोबर आहेत. वाईट चाप एकच, जो घासत घासत सरकतो आणि कधी सुटेल ते सांगत नाही. तेव्हा बोट घाई करतं, मनगट मदतीला धावतं, आणि वरचं माशीचं गणित आठवा.

२५ मीटरच्या शीघ्र फेरीत हे फार जाणवतं. हात खाली ४५ अंशात, लक्ष्य तीन सेकंद उघडं, तेवढ्यात हात वर, एक गोळी, मग सात सेकंद थांबायचं. असं पाच वेळा. चापाची भिंत कुठे आहे हे शोधायला तिथे वेळच नाही, ती बोटाला पाठ हवी.

खरं भांडण आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक चापावरून आहे. यात बोट फक्त एक बारीक स्विच दाबतं आणि पुढचं काम सर्किट करतं, त्यामुळे ओढ अगदी स्वच्छ, रोज सारखी. बहिणीला तोच हवाय. मावशीचं म्हणणं, बॅटरीवर चालणारी वस्तू आणि भरवसा हे दोन शब्द एका वाक्यात आणू नकोस. मावशी ज्याचा दाखला देते तो प्रसंग सगळ्या देशाने पाहिलाय. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक, मनू भाकरच्या पात्रता फेरीत तिच्या एअर पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप बंद पडला. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. दुरुस्तीत पाव तासाहून जास्त वेळ गेला आणि तिच्यासाठी वेळ वाढवून मिळाला नाही. उरलेले शॉट्स घाईने मारून तिने ५७५ गुण केले, बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सुटं पिस्तूल का नाही घेतलं, असं तेव्हा बरेच जण विचारत होते. पण मूठ हाताच्या मापाने कोरलेली असते, चाप बोटाच्या सवयीने लावलेला असतो. दुसरं पिस्तूल हाती घेणं म्हणजे परीक्षेत मध्येच दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखं आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्य मिळवलं, म्हणून तो घाव आता कमी दुखतो.

पण मेकॅनिकल म्हणजे अमर, असंही नाही, हे मावशीला सांगायला मी कचरते. पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेला सगळीकडे सारखा पसरला नसेल तर घोडा आपटूनही बार उडत नाही. शिशाच्या गोळीवरचं वंगण आणि जळलेली काजळी आत साठते, आणि हे छोटं काडतूस इतकं अशक्त असतं की मळलेल्या यंत्राला पूर्ण मागे ढकलायला त्याची ताकद पुरत नाही. म्हणून जाणती मंडळी आपल्या पिस्तुलाला कुठली काडतुसं मानवतात ते आधी बघतात, मग त्याच बॅचचा साठा करतात. नियमही यात बारीक फरक करतो: पिस्तूल अडकलं तर बंदूक तशीच धरून हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. स्वतः खोलून बघितलं, किंवा काडतूसच भरायला विसरला असाल, तर तो दोष तुमचा, गुण गेले.

घरी संरक्षणासाठी परवान्याचं हत्यार ठेवणाऱ्यांचा हिशोब वेगळा. आपल्याकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे निवड बहुतेक पॉइंट थर्टी-टू मध्येच, पिस्तूल की रिव्हॉल्व्हर एवढीच. जुने लोक रिव्हॉल्व्हरच्या बाजूने असतात आणि त्यांचं कारण मला पटतं: एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढचं समोर येतं, काही खोलायचं नाही. किंमत बोटाला मोजावी लागते, तो लांब आणि जड चाप ओढताना माशी जागेवर ठेवणं फार कठीण.

बहिणीसाठी माझं मत मेकॅनिकलला आहे, निदान पहिली दोन-तीन वर्षं. बिघडलं तर इथल्या इथे कुणीतरी खोलून दाखवू शकतं, आणि चाप आतून कसा चालतो हे तिला डोळ्यांनी दिसेल. तिला हे मान्य नाही. पुढच्या रविवारी पुन्हा चहा आहे.