बाटली खुर्चीच्या पायाशी का?

बाबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही अकरा जण उल्हासनगर-अंबरनाथ रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. बदलापूरहून आम्ही, अंबरनाथहून बहीण-मेहुणे आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून धाकटा काका. आपल्याकडच्या अशा हॉटेलांची रचना ठरलेली असते. खाली काळ्या काचांचा बार, बाजूने जिना, वर ‘फॅमिली एसी हॉल’. तंदुरी आणि मसाला पापड आले. मेहुण्यांनी वेटरला डोळ्यांनीच खूण केली. त्याने स्ट्राँग बिअरची मोठी बाटली आणली, पण टेबलावर ठेवली नाही. मेहुण्यांच्या खुर्चीच्या पायाशी टेकवली आणि भरलेला ग्लास पापडाच्या ताटलीआड सरकवला. समोर बसलेल्या आईला सगळं दिसत होतं. तिला दिसतंय हे मेहुण्यांनाही ठाऊक होतं. दहा वर्षांच्या भाचीने मात्र मोठ्याने विचारलं, “पप्पा, बाटली खाली का ठेवलीत?”

कुणीच उत्तर दिलं नाही. मला मात्र त्या प्रश्नाने तोक्यो आठवलं.

माझी चुलत बहीण तिथे निशिकासाईला राहते. तो भाग एदोगावा वॉर्डात येतो. तिथे भारतीयांची वस्ती इतकी की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस त्या वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेला. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आम्हाला एका याकिनिकूच्या हॉटेलात नेलं. याकिनिकू म्हणजे भाजलेलं मांस. युद्धानंतर जपानमधल्या कोरियन वस्त्यांतून ही रीत पसरली. टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी, आणि ज्याचं त्याने भाजून खायचं. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी ‘शिचिरिन’ असते, ती आपल्या मातीच्या शेगडीची सख्खी बहीण. आम्ही गोमांस खात नाही, म्हणून तिने कोंबडी, कोळंबी, लाल भोपळा आणि कांद्याच्या चकत्या मागवल्या. त्याआधी मागवली ती बिअर. जपानी माणूस बसल्या बसल्या ‘तोरिआएझु बीरू’ म्हणतो, म्हणजे आधी बिअर तर येऊ दे, बाकीचं मग बघू.

बाटली टेबलावर, निखाऱ्यांच्या शेजारी आली. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, ही तिथली रीत. बहिणीने बाबांचा ग्लास भरला आणि बाबांनी तिचा. उभ्या आयुष्यात त्यांनी घरच्या लेकीच्या हातून असं काही घेतलं नव्हतं. मुलांनी ऊलाँग चहाचे ग्लास उचलून सर्वांबरोबर ‘कांपाई’ केलं. दीड तासात चौघांत दोन बाटल्या संपल्या. कोण किती पितंय हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी जास्त घेतलीही नाही.

जपानला डोक्यावर घेण्याचा माझा हेतू नाही. ऑफिसच्या पार्टीत वरिष्ठांसाठी प्यावं लागणारे आणि शेवटच्या गाडीत कलंडलेले लोक तिथेही मी पाहिले. पण घरच्यांसमोर उघडपणे, मोजकी आणि जेवणाबरोबर, एवढं मला त्या टेबलावर पटलं.

मग आपल्याकडे ती बाटली खुर्चीच्या पायाशी कशी गेली? याचं बरंचसं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली. पुढे साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, ती सैल झाली. सैल झाली, उठली नाही. तोच कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. म्हणजे आपल्या राज्यात दारू पिणं हा हक्क नाही, परवानगी आहे. पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना, आजन्म १,००० रुपयांना. परवाना देण्याचं कारण कागदावर आरोग्य राखणं हे असतं. ‘परमिट रूम’ हा शब्दच तिथून आला. ज्या वस्तूला सरकार औषधासारखी चिठ्ठी देतं आणि काळ्या काचेआड बसवतं, ती वस्तू घरच्या ताटाशेजारी कशी बसणार? बाप खाली आणि बायको-मुलं वर, ही विभागणी त्या भिंतींनीच आपल्या अंगवळणी पाडली.

आईच्या चेहऱ्यावरची नापसंती मात्र नुसती कायद्याची नाही आणि ती खोटीही नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत पगाराच्या दिवशी नवरा घरी कधी येतो याची वाट पाहिलेल्या बायका आमच्या चाळीत होत्या. महाराष्ट्रभर बायकांनी ‘आडवी बाटली’चं मतदान घडवून आणून गावातली, वॉर्डातली दुकानं बंद केली आहेत. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली की परवाना जातो. त्यामागे वर्षानुवर्षांचा मार आणि उपासमार आहे. म्हणून टेबलावर बाटली आणायची तर घरातल्या बाईच्या संमतीनेच आणायला हवी, असं मी मनापासून मानतो.

आता ‘बिअरच तर आहे’ या वाक्याविषयी. मला सर्वांत जास्त काळजी या वाक्याची वाटते. आपल्याकडे मोठी बाटली ६५० मिलिलिटरची आणि स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. हिशेब करा: ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग ४२.८ टक्क्यांचा धरला तर त्यात जेमतेम २६ मिलिलिटर भरतं. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली जवळपास दोन मोठ्या पेगांची. जपानमध्ये आमच्यासमोर आलेली बिअर ५ टक्क्यांची होती. तिथल्या ३५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये १७.५ मिलिलिटर अल्कोहोल असतं. मेहुण्यांनी पापडाआड प्यायलेली एक बाटली तशा तीन कॅनएवढी होती. आमच्याकडे माइल्ड, म्हणजे सौम्य बिअर, क्वचितच मागवली जाते. एवीतेवी लपूनच प्यायची तर कमी वेळात जास्त चढली पाहिजे, हा हिशेब लपवण्यातूनच येतो.

वयाचंही तसंच. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५. जपानमध्ये २०२२ च्या एप्रिलपासून अठराव्या वर्षी मूल सज्ञान होतं, पण दारूचं वय त्यांनी २० वरून खाली आणलं नाही. ‘पोरगं आता कॉलेजात गेलंय, एक घोट घेऊ दे’ असं काका-मामा म्हणतात, ते दोन्हीकडे बेकायदाच आहे.

आणि गाडी. पंच्याहत्तरीच्या त्या रात्री मेहुण्यांनी बिल दिलं आणि बाइकची किल्ली काढली. भाची मागे बसणार होती. बाबा पुढे झाले, किल्ली घेतली आणि रिक्षा थांबवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जपानची मर्यादाही जवळपास तेवढीच आहे. फरक पुढे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये फुकुओकातल्या एका पुलावर एका प्यायलेल्या चालकाने मागून धडक दिली, कुटुंबाची गाडी समुद्रात पडली आणि तीन लहान मुलं बुडाली. देश हादरला. २००७ मध्ये कायदा कडक झाला. तेव्हापासून चालकाबरोबरच त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि तो प्यायलाय हे माहीत असून शेजारी बसणारा, हे सगळे शिक्षेला पात्र ठरले. निशिकासाईच्या त्या हॉटेलात ऑर्डर घेण्याआधी मुलीने विचारलं होतं, तुमच्यापैकी गाडी कोण चालवणार आहे? आम्ही मेट्रोने आलो होतो. आमच्या इकडच्या वेटरने तसं काहीच विचारलं नाही. तो बाटली खाली ठेवण्यातच गुंतला होता.

कल्याण-बदलापूर रस्त्यावर रात्री अकराला शेअर रिक्षा मिळते आणि कर्जत लोकलही असते. तेव्हा पुढच्या वाढदिवसाला जाल तेव्हा आधी आईला विचारा. ती हो म्हणाली तर माइल्ड मागवा, बाटली टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा आणि पहिला ग्लास भरण्याआधी किल्ली न पिणाऱ्याच्या हातात द्या. ती नाही म्हणाली तर सोलकढी मागवा.