स्पर्धा शोरूममध्ये, टेम्पो एकच

भोसरी एमआयडीसीतून ओतीव भाग घेऊन निघालेल्या टेम्पोत वजनाची मर्यादा गाठली, तरी हौद्यात बरीच जागा उरते. बंपर नेणाऱ्या गाडीचं नेमकं उलटं असतं: ती काठोकाठ भरते, पण वजन किरकोळ. दोन्ही गाड्या चाकणच्या रस्त्याला लागतात, तळेगाव चौकातल्या कोंडीत मागेपुढे उभ्या राहतात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेटवर माल उतरवतात आणि माल ठेवायचे रिकामे बिन (पेट्या) घेऊन परततात. पिंपरीत टाटा मोटर्स, चाकण परिसरात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज. यांतल्या एकाहून अधिक कंपन्यांना माल देणारे व्हेंडर या पट्ट्यात भरपूर आहेत. एका गाडीने चार व्हेंडरांकडून माल गोळा करायचा ‘मिल्क रन’ही इथे नवा नाही, फक्त तो सहसा ज्या त्या कंपनीपुरता असतो. हे वेगवेगळं धावणं महागात पडतं, असं माझं मत आहे, आणि त्याला गणिताचा आधार आहे. बियर्डवूड, हॅल्टन आणि हॅमर्सली यांनी 1959 मध्ये सिद्ध केलं की, एखाद्या परिसरात विखुरलेली ठिकाणं वाढत गेली, तर ती सगळी घेणारा सर्वांत छोटा मार्ग त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ठिकाणं दुप्पट झाली, तर अंतर दुप्पट न होता सुमारे 1.41 पट होतं. दोन कंपन्यांच्या सारख्याच मोठ्या फेऱ्या एकत्र केल्या, तर अंतर जवळपास 29 टक्के घटतं. अर्थात हे गाडीत जागा असेल तरच. म्हणून तर ओतीव भाग आणि बंपर यांची जोडी महत्त्वाची.

मग अडतं कुठे? पहिली शंका गुपिताची. किती भाग गेले यावरून किती गाड्या बनणार ते कळतं, ही भीती खोटी नाही. पण आखणी तटस्थ वाहतूकदाराकडे सोपवली, तर एकाचे आकडे दुसऱ्याला दिसायचं कारण नाही. महिंद्र लॉजिस्टिक्स समूहाबाहेरच्या कंपन्यांचाही माल हाताळतेच. दुसरी शंका कायद्याची. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 प्रतिस्पर्ध्यांना संगनमताने किमती ठरवू देत नाही. मात्र पुरवठा, वितरण, साठवण यांची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना त्याच कलमात सवलत आहे. खरं भांडण भाड्याच्या वाटणीवर होतं. समजा, एका कंपनीचा एकटीचा खर्च 12 हजार, दुसरीचा 6 हजार आणि एकत्र 15 हजार. लॉइड शॅप्ली यांच्या 1953 च्या सूत्राने वाचलेले 3 हजार निम्मे-निम्मे होतात: पहिली 10,500 देते, दुसरी 4,500. एकटीपेक्षा दोघींनाही स्वस्त.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सामाईक गाडी अडकली, तर दोन असेंब्ली लाइन थांबतील. म्हणून तासाच्या हिशोबाने लागणारे भाग सध्या बाजूलाच ठेवावेत. सुरुवात परतीच्या रिकाम्या बिनपासून करावी. त्यांत गुपितही नाही आणि घाईही कमी. जर्मनीत वाहन उद्योग संघटनेने ठरवून दिलेल्या 600×400 मिलिमीटरच्या प्लास्टिक पेट्या कट्टर स्पर्धकही वापरतात. चाकणच्या खरेदी विभागांनी आधी बिनचं एक सामाईक माप ठरवावं. त्यासाठी ना नवा रस्ता लागतो, ना सरकारी मंजुरी.