देवाचे झाड आणि वखारीचे लाकूड

29 मार्च 2023 रोजी बल्लारपुरात आणि चंद्रपुरात एक आगळी शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या श्रीराम मंदिरासाठी निवडलेले सागवान येथून वाजतगाजत मार्गस्थ होत होते. विधिपूर्वक काष्ठपूजन झाले, लाकडावर फुले वाहिली गेली. बल्लारपूरच्या आगारात एरवी सागाची किंमत लांबी, गोलाई आणि प्रत पाहून लिलावात ठरते. त्या दिवशी मात्र त्याच सागापुढे हात जोडले गेले.

एकच झाड एके ठिकाणी माल ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी दैवत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात या दोन्ही दृष्टी शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. झाड पवित्र मानायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ श्रद्धेचा राहत नाही. तो हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा आणि पेठेतील उलाढालीचाही होतो.

पेठ आणि अरण्य

वर्धा नदीच्या काठी वसलेले बल्लारपूर हे एके काळी गोंड राजांचे राजधानीचे ठिकाण. खांडक्या बल्लाळशहाचे नाव या गावाने आजही जपले आहे. पुढे रेल्वे आली, कोळशाच्या खाणी आल्या, 1945 च्या सुमारास कागद उद्योगाचा पाया घातला गेला, आणि पाठीमागच्या अरण्यातील साग व बांबू या गावाच्या वाटेने देशभर जाऊ लागला. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारे तीन-चतुर्थांश वनाच्छादित आहे. बल्लारपूरची पेठ त्या वनाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

या वनात राहणाऱ्या गोंड व माडिया समाजाचे देव देवळात कमी आणि झाडाखाली अधिक आढळतात. त्यांची कुळे चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येनुसार विभागलेली असून प्रत्येक कुळाचे स्वतःचे कुलचिन्ह असते. कोणाचे ते एखादे झाड असते, कोणाचे पशू, तर कोणाचे पक्षी. आपल्या कुलचिन्हाला इजा करायची नाही, हा दंडक. साजा, म्हणजेच आपल्याकडील ऐन, हा वृक्ष थोरल्या देवाचे निवासस्थान मानला जातो. ताडोबाचे नावही असेच आले. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गोंड प्रमुखाचे ठाणे तेथील तलावाकाठी मोठ्या वृक्षाखाली आहे आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरत असे. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला; देवाचे नाव मात्र त्याआधीपासूनचे आहे.

पहिले फळ कोणाचे?

झाडाला देव मानणाऱ्या या समाजाचे जगणे झाडावरच अवलंबून आहे. मोहाची फुले, चारोळी, तेंदूपाने, हिरडा, मध, बांबू यांवाचून त्यांचे वर्ष पुरे होत नाही. म्हणून ‘देवाचे झाड, त्याला हात लावू नये’ एवढा साधा नियम त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी दुसरा नियम केला: घ्यावे, पण वेळ आल्यावर आणि सर्वांनी मिळून.

गोंडीत सणाला पंडुम म्हणतात. आंब्याच्या सणाला मरका पंडुम असे नाव आहे. नवे फळ आधी देवाला आणि पूर्वजांना अर्पण करायचे. तोवर कोणी ते तोडायचे नाही, खायचे नाही. वरवर पाहता हा एक विधी आहे. व्यवहारात पाहिले तर फळ पिकेपर्यंत, बी धरेपर्यंत झाडाला मिळालेले ते संरक्षण आहे. शिवाय सारे गाव एकाच दिवसापासून सुरुवात करते, त्यामुळे ‘आज मी तोडले नाही तर उद्या शेजारी तोडील’ ही धास्ती उरत नाही. कच्च्या फळाची लूट बहुधा या धास्तीतूनच होत असते.

मोहाच्या बाबतीत तर झाडावर चढण्याचीही गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर आणि पहाटे फुले आपोआप गळतात. बायामुले टोपल्या घेऊन ती वेचतात. जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा वाटसरूंची लेश्येची कथा जैन घरांत लहानपणीच ऐकवली जाते. एकाला झाड मुळासकट हवे असते, तर शेवटचा खाली पडलेल्या फळांवर तृप्त होतो. मोहफुले वेचणारी बाई त्या सहाव्या वाटसरूच्या वाटेनेच चालत असते.

अर्थात सारेच चित्र इतके निर्मळ नाही. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवयही आहे, आणि त्या ठिणगीने उन्हाळ्यात वणवे लागतात. परंपरा म्हटली की तिच्यातले सर्वच हितकारक असते असे नव्हे. तिची तपासणी करण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाकडे आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

नावे उरली, राने गेली

श्रद्धा एकटी पुरेशी ठरत नाही, याचा दाखला दूरच्या एका देशात मिळतो. युरोपच्या पश्चिम टोकावरील आयर्लंडमध्ये प्राचीन केल्टिक समाज वृक्षांना आणि झऱ्यांना पवित्र मानी. ओक वृक्ष त्यांत श्रेष्ठ. किल्डेअर या गावाच्या नावाचा अर्थ ‘ओकचे प्रार्थनास्थळ’, तर डेरी म्हणजे ‘ओकची राई’. हॉथॉर्नचे एकटे झुडूप तोडणे तेथे आजही अशुभ समजतात. 1999 मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे महामार्गाच्या आड येणारे असे एक झुडूप वाचवण्यासाठी लोककथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि ते झुडूप राखले गेले.

असा हा झाडांना जपणारा देश. तरीही विसाव्या शतकाच्या प्रारंभी आयर्लंडमध्ये जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भूमीवर जंगल उरले होते. शेतीसाठी शतकानुशतके राने साफ होत गेली. पुढे जमिनीचे धनी बदलले आणि जहाजे, पिंपे व लोखंडाच्या भट्ट्या यांसाठी उरलीसुरली राने गेली. झाडांना मान देणारी माणसे तेथेच होती. झाडांविषयीचा निर्णय मात्र त्यांच्या हाती नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्लीच्या नावात चिंच ऐकू येते. अशी कितीतरी गावे झाडांची नावे मिरवतात. ती झाडे नावापुरती उरू नयेत, यासाठी काय करावे लागते, हे गडचिरोलीतील एका लहानशा गावाने दाखवून दिले आहे.

मेंढ्याचा हिशेब

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यानंतर येथील ग्रामस्थ आपल्या जंगलाचा विचार नव्याने करू लागले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ लाभली. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयापूर्वी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, अशी रीत पडली. फळांसाठी झाड तोडायचे नाही, मध काढताना मधमाश्या जाळायच्या नाहीत, वणवा लागल्यास सर्वांनी धावायचे, हे नियम गावाने स्वतःच स्वतःला घालून दिले.

अडचण कायद्याची होती. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ गणला गेला होता. त्यामुळे त्यावर हक्क सरकारचा. वनहक्क कायदा, 2006 ने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि त्याची मालकी वनवासी समाजाला दिली. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना वन खात्याच्याच हाती राहिला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

त्यानंतर ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली. खरेदीदाराकडून दर मागवणे, मजुरी ठरवणे, बँकेत खाते चालवणे, कराचा हिशेब ठेवणे ही कामे गावकरी शिकले. बांबूच्या बेटातले कोवळे बांबू राखून जून तेवढेच काढले, तर बेट पिढ्यान्‌पिढ्या देत राहते. व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही: मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर घर चालवणे ते हेच. फरक इतकाच की जंगलाचे मुद्दल बुडाले, तर ते कोणत्याही कर्जाने परत उभे करता येत नाही.

डोंगराचा प्रश्न

झाडातून थोडे घेऊन बाकीचे राखता येते. डोंगराचे तसे नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे आणि दर वर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. 2007 मध्ये तेथे सुमारे 348 हेक्टरवर खाणपट्टा मंजूर झाला. खाणीतून रोजगार मिळतो, रस्ते होतात, हे खरे. आणि खणून नेलेला देवाचा डोंगर परत येत नाही, हेही तितकेच खरे.

ओडिशातील नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये, डोंगराचे पावित्र्य आणि तेथील हक्क यांविषयी ग्रामसभांनीच विचार करावा, असा निर्णय दिला. डोंगरिया कोंध समाजाच्या 12 ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. कौल कोणताही येवो, तो डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांकडून घेतला जावा, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले.

घेणाऱ्याचे कर्तव्य

पवित्र वृक्षाचे रक्षण वनवासीच करतील आणि पेठ केवळ भाव सांगेल, ही विभागणी सोयीची असली तरी न्याय्य नाही. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूपाने आणि बांबू यांचा लिलाव स्वतः करतात. समोर ठेकेदाराऐवजी गाव बसलेले असते. तेथे वजन चोख असणे, ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत पोहोचणे आणि गावाने जेवढा माल काढायचे ठरवले आहे त्याहून अधिक न मागणे, या तीन गोष्टी व्यापाऱ्याच्या हातच्या आहेत. पैसे अडकले की गावाला पुढच्या हंगामात घाईने कोवळे तोडावे लागते. मग मरका पंडुमचा नियम पेठेमुळे मोडतो, गावामुळे नव्हे.

काष्ठपूजन वर्षातून एखाद्या वेळी घडते. खरेदीचे चलन मात्र दर हंगामात फाडले जाते. जंगलाविषयी पेठेला किती आदर आहे, हे गाव त्या चलनावरूनच ओळखते.