सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते?

रात्रीच्या वेळी शेतावर कुणाला साप चावला, की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'जवळचा दवाखाना कुठला?' हल्ली पुष्कळ जण हा प्रश्न मोबाईल फोनला विचारतात आणि उत्तर क्षणात मिळते. ते उत्तर कसे निघते आणि कुठे फसते, हे प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे.

संगणकात प्रत्येक रुग्णालयाची एकेक नोंद असते. नाव, पत्ता, सोयी आणि त्यासोबत त्या जागेचे अक्षांश व रेखांश. हजारो नोंदींचे अंतर एकेक करून मोजत बसण्यात वेळ जातो. म्हणून संगणक आधी आपल्या जागेभोवती एक चौकट आखतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण आपल्या सातारा-रत्नागिरीकडे तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो. २५ किलोमीटरच्या आतले हवे असेल, तर दोन्ही बाजूंना पाव अंशाहून किंचित कमी एवढी चौकट पुरते. तिच्याबाहेरच्या नोंदी एकदम वगळल्या जातात. चौकटीचे कोपरे मात्र ३५ किलोमीटरपर्यंत दूर असतात. म्हणून उरलेल्या थोड्या नोंदींचे अंतर नीट मोजून जवळून लांब अशी यादी लावली जाते.

हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचे असते. रुग्णाला मात्र रस्त्याने जावे लागते. महाबळेश्वर ते पोलादपूर सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर आहे, पण आंबेनळी घाटाने ते सुमारे चाळीस किलोमीटर होते. पावसाळ्यात दरड कोसळली, की तोही रस्ता बंद. दाभोळच्या खाडीपलीकडचे धोपावे डोळ्यांना दिसते, पण फेरीबोट बंद असेल तेव्हा केवढा वळसा पडतो, ते तिथल्या माणसांना विचारावे.

ही गोष्ट नवी नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घरागणिक नकाशावर केली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास ती दाट दिसली. कोणत्या घराला कोणता पंप जवळ, हे ठरवताना त्यांनी सरळ रेषा न घेता पायी चालण्याचे अंतर धरले. लोक पाणी भरायला गल्लीबोळांतूनच जातात, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी अडचण नोंदीतच असते. जवळच्या दवाखान्यात सर्पदंशावरील लस नसेल, किंवा रात्री डॉक्टर नसतील, तर जवळ असून उपयोग काय? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आहे, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. नोंद जुनी असेल, तर संगणक बिनचूक गणित करूनही चुकीच्या दारात नेऊन उभे करील.

तेव्हा वाचकांनी पुढील गोष्टी आजच कराव्यात. आपल्या भागात सर्पदंशाची लस कुठे ठेवतात आणि रात्री डॉक्टर कुठे असतात, याची आरोग्य केंद्रात चौकशी करून ठेवावी. तिथवर पोहोचायला किती मिनिटे लागतात, ते पावसाळ्याचा विचार करून पाहावे. ही माहिती कागदावर लिहून घरात दिसेल अशी लावावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना नुसते 'वडगाव' सांगू नये, कारण वडगावे पुष्कळ आहेत. गाव, वाडी, तालुका आणि देऊळ किंवा शाळा अशी ठळक खूण सांगावी.

साप चावलेल्या माणसाला धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. वेळेत उपचार जिथे मिळतात, तेच रुग्णालय खरे जवळचे.